गळालेला तुकडा

शिरोलीच्या फौंड्रीत ओतकामाचे पॅटर्न करणारा श्रेणिक मगदूम तसा शब्दाचा पक्का माणूस. आजचं काम उद्यावर टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पूर्वीचं सागवानी पॅटर्न असो की आता यंत्रातनं छापून येणारं, दिलेल्या तारखेला ते तयार म्हणजे तयार. आयुष्यात एकच गोष्ट त्यानं पुढं ढकलली, आणि ती मात्र चोवीस वर्षं ढकलत नेली.

आधी ठरलं होतं, पोराला जरा समजायला लागलं की सांगायचं. मग दहावी होऊ दे म्हणाला. मग बारावी, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. आता पार्श्व साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कंपनीत होता, चांगला स्थिरावला होता. २०५७च्या मे महिन्यात एका रविवारी घरी आला असताना जेवता जेवता तो म्हणाला, "केतकी म्हणून आहे. कराडला फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या घरचे पुढच्या महिन्यात येऊ का म्हणतायत."

स्नेहलनं दहा प्रश्न विचारले, फोटो मागितला. श्रेणिकनंही बघितला. पोरगी चांगली होती. हसताना डोळे बारीक व्हायचे. त्याला एकदम फार दमल्यासारखं झालं.

पार्श्व दुपारच्या गाडीनं गेला. स्नेहल भांडी आवरत होती. मागं न बघताच म्हणाली, "आता काय म्हणणार? लग्न होऊ दे?"

"बघू."

"बघू नाही. ती पोरगी या घरात येणार. दोन वर्षं गेली की लोक तिला विचारायला लागतील, तिच्याच तपासण्या करतील. मी त्यातनं गेलेय. त्यांची माणसं यायच्या आत सांगा. नाहीतर मी सांगते. आणि मी सांगायला बसले तर सगळंच सांगीन."

सगळंच म्हणजे काय, ते श्रेणिकला विचारायची गरज नव्हती.

*

त्या दोघांचं लग्न झालं २०२५ साली. पहिली तीन वर्षं डॉक्टर फक्त स्नेहलला तपासत होते. गोळ्या, सुया, पोटाला भोक पाडून आत दुर्बीण घालणं, सगळं तिचं झालं. श्रेणिकला तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरनं त्याच्या हातात झाकणाची डबी दिली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. शुक्राणू शून्य. कमी नाहीत, अशक्त नाहीत, एकही नाही.

मग गुणसूत्रांची तपासणी झाली आणि कारण कळलं. पुरुषाला पुरुष करणारं जे वाय गुणसूत्र असतं, त्याचा एक छोटा तुकडा श्रेणिकच्या शरीरात जन्मापासूनच गळालेला होता.

"दाता घेऊ या," स्नेहल म्हणाली होती. "नऊ महिने मीच वाढवणार आहे ना? मूल ते मूल."

श्रेणिक नको म्हणाला. का नको, ते त्याला धड सांगताही यायचं नाही. त्याचे वडील त्याच्याकडं बघून म्हणायचे, याचं कपाळ माझं आहे आणि चाल माझ्या बापाची. आपल्यालाही कुणाकडं तरी बघून असं म्हणता यावं, एवढंच त्याला हवं होतं. ते काही फार मोठं मागणं आहे असं त्याला वाटत नव्हतं. दोन वर्षं त्यानं नको म्हटलं आणि स्नेहलनं विचारणं सोडून दिलं.

२०३१ साली मिरजेच्या एका संस्थेत नवा उपचार सुरू झाल्याचं कानावर आलं. तिथल्या डॉक्टर इरावती घाटे पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दोघांना समजावून सांगितलं.

"पुरुषाच्या वृषणात काही मूलपेशी असतात. बियाण्यासारख्या. एक पेशी फुटते, तिच्या दोन होतात. एक पुढं जाऊन शुक्राणू बनते, दुसरी बियाणं म्हणून मागं राहते. म्हणून म्हाताऱ्या माणसालासुद्धा मूल होऊ शकतं. तुमच्यात ते बियाणंच टिकलेलं नाही. ते टिकवायला लागणारं जनुक त्या गळालेल्या तुकड्यावर होतं."

"मग औषध कशावर करणार?"

"औषध नाही. आम्ही तुमच्या दंडाची चिमूटभर कातडी घेतो. कातडीची पेशी असते ना, तिला फक्त आपण कातडी आहोत एवढंच आठवत असतं. पण कातडी, काळीज, मेंदू, सगळं बनवायची माहिती तिच्या आत असतेच. काही प्रथिनं वापरून आम्ही तिला आपण कातडी आहोत हे विसरायला लावतो. ती गर्भातल्या पेशीसारखी कोरी होते. मग तिला हळूहळू बीजाच्या मूलपेशीकडं वळवतो. सात-आठ महिने लागतात."

"आणि गळालेला तुकडा?"

"त्या तुकड्याचं काम आम्ही बाहेरनं पुरवतो. त्या जनुकाचा निरोप रोज पेशीत सोडतो. निरोप चार दिवसांत विरून जातो, परत सोडतो. पेशी जगते, तिचे शुक्राणू होतात, ते आम्ही बीजांडात सोडतो. झालं."

श्रेणिकनं त्या चित्राकडं बराच वेळ बघितलं. तो धंद्यानं पॅटर्नमेकर. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा मूळ नमुना. त्याच्यावरनं वाळूत साचा उठतो आणि साच्यात लोखंड ओतलं की कास्टिंग तयार होतं.

"म्हणजे मॅडम, खोट पॅटर्नमध्येच राहणार. हे एक कास्टिंग तुम्ही भरून, घासून चालवून घेणार."

घाटे बाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढं लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. हो. मूळ गुणसूत्राला हात लावायला कायद्यानं बंदी आहे. वाय बापाकडनं मुलाकडं जसाच्या तसा जातो. मुलगी झाली तर प्रश्नच नाही, तिच्यात वाय नसतोच. मुलगा झाला तर तो अगदी तुमच्यासारखा. निरोगी, आणि शून्य."

"मग मुलगीच…"

"तो शब्द इथं काढू नका," बाई चटकन म्हणाल्या. "गर्भ मुलाचा की मुलीचा हे बघणं गुन्हा आहे. या उपचारापुरती सवलत द्या म्हणून आम्हीच अर्ज केला होता. समितीनं नाकारला. मूल न होणं हा जिवाला धोका नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि एकदा ते दार उघडलं की त्यातनं कोण कोण आत शिरेल, हा प्रश्नही खराच आहे."

मग त्या जे बोलल्या ते श्रेणिक पुढं कधी विसरला नाही. "आजवर हा दोष कुठं तरी नव्यानं निपजायचा आणि त्या माणसाबरोबर संपायचा, कारण त्याला मूलच व्हायचं नाही. वंध्यत्व वारशानं कसं मिळणार? पण आता मिळेल. आम्ही ते सुरू करतोय. म्हणून अकरा पानांचा कागद आहे. घरी नेऊन वाचा."

घरी स्नेहलनं तो वाचला. श्रेणिकनं शेवटचं पान बघितलं.

"ठाऊक असून आपण त्याला हे द्यायचं?" तिनं विचारलं.

"तो मोठा होईस्तोवर पंचवीस वर्षं जातील. विज्ञान काय तिथंच थांबणार आहे?"

तिसऱ्या खेपेला गर्भ टिकला. २०३३च्या मार्चमध्ये सांगलीच्या दवाखान्यात नर्स बाहेर येऊन "मुलगा!" म्हणाली, तेव्हा श्रेणिकची आई जिन्यावरच पेढे वाटायला लागली. श्रेणिक आत गेला. स्नेहलनं त्याच्याकडं बघितलं आणि तिला रडू फुटलं. सगळे म्हणाले, आनंदानं रडतेय.

*

विज्ञान थांबलं नाही, पण ते दुसऱ्याच बाजूनं पुढं गेलं. उपचार सोपा झाला, जलद झाला, जिल्ह्या-जिल्ह्यात गेला. जे मुळातनं दुरुस्त करायला हवं होतं त्याची कुणाला घाई राहिली नाही, कारण उपचार तर होताच. गुणसूत्राला हात लावायचा की नाही यावर तीन समित्या बसल्या आणि उठल्या. लोकांनी या मुलांना नाव पाडलं, 'कातडीची पोरं'. आधी ते दबक्या आवाजात म्हणायचे, नंतर कॉलेजातली मुलं एकमेकांना शिवी म्हणून द्यायला लागली. जितकी ती शिवी पसरली तितकं श्रेणिकचं तोंड घट्ट मिटत गेलं.

संस्थेची एक अट होती. जन्मलेल्या मुलाला पाचव्या वर्षापासून दर वर्षी तपासणीला आणायचं. जून महिना आला की श्रेणिक पार्श्वला मिरजेला न्यायचा. तू सातव्या महिन्यात जन्मलास, फुप्फुसं कच्ची होती, म्हणून जावं लागतं, असं त्याला सांगितलं होतं. अठराव्या वर्षी मुलाची स्वतःची सही लागणार होती. तेव्हा श्रेणिकनं फोन करून कळवलं की मुलगा शिकायला बाहेर आहे, आम्ही तपासण्या थांबवतो. तिथनं परत कुणी फोन केला नाही.

*

केतकीच्या घरची माणसं यायला नऊ दिवस उरले असताना श्रेणिकनं रजा टाकली आणि साताऱ्याची एसटी धरली. साताऱ्याहून जीपनं पठारावर पोहोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन होतं, पण वारा असा की डोक्यावरची टोपी हातात धरावी लागली.

पार्श्व कंट्रोल रूममधनं पळतच आला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. डबा दिलाय तिनं."

खोलीच्या मागच्या बाजूला सिमेंटचा कट्टा होता. दोघं तिथं बसून जेवले. समोरच्या पवनचक्कीच्या पात्यांची सावली ठरावीक वेळानं दोघांच्या अंगावरनं सरकत जायची. श्रेणिकनं येताना सगळं वाटेत जुळवून ठेवलं होतं, पण सुरुवातच चुकली. तो गुणसूत्रापासून बोलायला लागला.

पार्श्वनं मध्येच विचारलं, "पप्पा, तुम्हाला काही झालंय का? स्पष्ट सांगा."

"मला नाही. म्हणजे, मला आहेच. तुलाही आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. मिरज, कातडी, वाय, सगळं. सांगायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. याच वीस मिनिटांसाठी आपण चोवीस वर्षं घालवली, असं त्याच्या मनात आलं.

पार्श्व इंजिनिअर होता. त्यानं आधी कामाचे प्रश्न विचारले. "जिवाला काही धोका?"

"काही नाही. तुझी तब्येत एकदम उत्तम आहे. फक्त मूल होणार नाही. म्हणजे, आपोआप होणार नाही."

"फक्त," पार्श्व म्हणाला. मग म्हणाला, "आणि दर जूनला मिरज, ते यासाठी?"

"हो."

"फुप्फुसांसाठी नाही."

"नाही."

पार्श्वनं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. "माझी फुप्फुसं तिथं कधी तपासलीच नाहीत, पप्पा. बारा वर्षांचा होतो तेव्हाच ते माझ्या लक्षात आलं. रक्त घ्यायचे, उंची मोजायचे आणि पडदा ओढून खाली तपासायचे. फुप्फुसासाठी खाली कोण तपासतं? मला वाटलं, मला कॅन्सर आहे आणि तुम्ही दोघं सांगत नाही."

श्रेणिकनं टोपी काढून मांडीवर धरली.

"नववीत मी रोहितला सायकल देऊन टाकली होती. आठवतं?"

आठवत होतं. नवीकोरी सायकल चुलतभावाला फुकट देऊन आला म्हणून श्रेणिकनं त्याला आयुष्यात एकदाच मारलं होतं.

"मला वाटलं होतं, मी गेल्यावर ती नुसती गंजत पडेल."

"अरे, मग विचारायचं नाही का? एकदा तरी…"

"कुणाला विचारणार? तुम्ही तिथनं बाहेर पडलात की दोन तास बोलायचा नाहीत. आई देवासमोर बसायची. मी काय समजायचं?" त्याचा आवाज चढला नव्हता. एखादा जुना हिशेब मिटवून टाकावा तसा तो सपाट बोलत होता. "बारावीनंतर जाणं बंद झालं. तेव्हा वाटलं, बरा झालो असेन. मग मी तो विषय मनातनं काढून टाकला."

सावली अंगावरनं गेली, परत आली.

"होस्टेलला आमच्यात एक होता," पार्श्व म्हणाला. "नांदेडचा. त्याचं कळलं होतं सगळ्यांना. त्याला आम्ही कातडी म्हणून हाक मारायचो. मीपण मारायचो. दुसऱ्या वर्षी तो कॉलेज सोडून गेला."

श्रेणिकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पार्श्वनं तो झटकला नाही, पण त्याचा खांदा लाकडासारखा झाला.

"मुलगी झाली असती तर हे काहीच नसतं ना?"

"नाही."

"मग तुम्हाला मुलगी हवी होती."

खोटं बोलायचं आता त्राणच उरलं नव्हतं. "हो," श्रेणिक म्हणाला.

"आज्जी सांगायची, मी झालो तेव्हा आई किती रडली. आनंदानं." पार्श्व उठला. हेल्मेट उचललं. "मला चार नंबरच्या टॉवरवर जायचंय. तुम्हाला साडेतीनची जीप मिळेल."

*

केतकीच्या घरची बैठक पुढं गेली. पार्श्वनं आईला फोन करून एवढंच सांगितलं की त्यानं केतकीला सगळं सांगितलं आहे आणि आता दोघांना थोडा वेळ हवा आहे. आईशी तो दर दोन दिवसांनी बोलायचा. श्रेणिकला आतल्या खोलीत स्नेहलचा आवाज ऐकू यायचा, पण फोन त्याच्याकडं येत नसे. त्यानं मागितलाही नाही. घरात भांडण झालं नाही, मोठ्यानं कुणी बोललं नाही. स्नेहल वेळेवर जेवायला वाढायची. फक्त दोघंही जेवण झाल्यावर ताटावरनं उठायला वेळ लावायला लागले, जणू उठून करायचं काय असा प्रश्न होता.

दोन महिन्यांनी एके दिवशी दुपारच्या सुट्टीत केतकी एकटीच फौंड्रीच्या गेटवर आली. श्रेणिकनं फोटोवरनं तिला ओळखलं. पॅटर्न शॉपमध्ये लाकडाच्या भुशातच तिला स्टूल दिलं.

"काका, मला एक ऐकायचंय. तो उपचार नेमका कसा असतो? डॉक्टर सांगतात तसा नको. घरात कसा असतो?"

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो विचार करून करून सांगायला लागला.

"माझं म्हणशील तर दंडाला दोन टाके. संध्याकाळी मी कामावर होतो. बाकी सगळं तिनं सोसलं. रोज पोटात सुई, दीड महिना. अंग सुजायचं. दोन वेळा राहिलं आणि गेलं. दुसऱ्या वेळी चौथा महिना होता. तिनं तेव्हाही मला म्हटलं नाही, की दात्याचं घेतलं असतं तर हे झालं नसतं. म्हणायला हवं होतं."

"म्हणजे त्या दात्याला तयार होत्या?"

"ती तयार होती. मी नव्हतो."

केतकी बाजूला ठेवलेल्या पंपाच्या पॅटर्नवर नुसती बोटं फिरवत राहिली. "पार्श्वला हे माहीत नाही."

"नसेल. मी सांगितलं नाही."

"तो तुमच्यावर चिडलाय, ते मूल होणार नाही म्हणून नाही."

"ते कळतंय मला."

"मग त्याला तसं सांगा ना, काका. त्या दिवशी तुम्ही त्याला विज्ञानानं काय केलं ते सांगितलंत. तुम्ही काय केलंत, ते सांगा."

ती गेल्यावर सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, तरी तो बसून राहिला. मग तिथनंच फोन लावला. पार्श्वनं उचलला. मागं वाऱ्याचा आवाज होता.

"पार्श्व, तुला मी तेरा वर्षं खोटं सांगितलं. आईनं नाही. ती दोनदा सांगायला निघालेली, मी तिला शपथ घातली. दाता नको हेसुद्धा मीच म्हणालो. मला माझंच पोर हवं होतं. त्यात तुझं काय होईल ते मला माहीत होतं, सगळं समजावून सांगितलं होतं बाईंनी. आणि तुला सायकलीवरनं मारलं, ते…"

"बरं," पार्श्व म्हणाला आणि फोन ठेवला.

*

केतकीच्या वडिलांनी दीड महिना होकार दिला नाही. मग दिला. डिसेंबरात कराडला मोजक्या माणसांत लग्न झालं. मगदूमांच्या भावकीतली काही घरं आली नाहीत. कशामुळं आली नाहीत, ते श्रेणिकनं विचारलं नाही. पार्श्व रीतीप्रमाणं वाकून पाया पडला. मुलगा म्हणून जे करायचं ते सगळं तो करत होता, एकही गोष्ट चुकत नव्हता, आणि त्यामुळंच श्रेणिकला ते जड जात होतं.

लग्नानंतर सव्वा वर्षानं, एका मंगळवारी सकाळी पार्श्व आणि केतकी गाडी घेऊन दारात उभे राहिले. "मिरजेला जायचंय," पार्श्व म्हणाला. "तुमची सही लागेल म्हणतायत. चला."

श्रेणिकनं चष्मा घेतला आणि गाडीत बसला. संस्था आता सात मजली झाली होती. घाटे बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाकांवर तरुण जोडपी बसली होती, प्रत्येकाच्या हातात तोच कागद. आता तो पंधरा पानांचा झाला होता.

"कातडी द्यायला आलायस?" श्रेणिकनं शेवटी विचारलं.

"नाही." पार्श्व भिंतीला टेकून उभा होता. "ते आम्ही करणार नाही. हे माझ्यापाशी थांबू दे. केतकीला मूल हवंय. मलाही हवंय. दात्याचं होईल. आणि त्याला बोलता यायला लागलं की सांगणार. गोष्ट सांगतात तसं, जेवताना, आंघोळ घालताना. त्याला कधी कळलं हे त्याला आठवताच येऊ नये."

केतकी श्रेणिकच्या चेहऱ्याकडं बघत होती. श्रेणिकनं मान हलवली, चांगलं आहे म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याच्या आत कुठं तरी बारीकशी कळ उठली, की ते कपाळ आणि ती चाल आता संपली. अठ्ठावन्नाव्या-एकोणसाठाव्या वर्षी, एवढं सगळं होऊनही ती कळ उठलीच. त्याला स्वतःची लाज वाटली. पण ती लाजही आता जुन्या दुखण्यासारखी झाली होती. तो त्या लाजेसकट बाकावर बसून राहिला.

"मग इथं कशाला आलो?"

"माझी फाईल घ्यायला."

खिडकीतल्या बाईंनी फाईल आणून दिली. जाड होती. पार्श्व बाकावर बापाशेजारी बसला आणि पानं उलटायला लागला. दर वर्षाचं एक पान. उंची, वजन, रक्त. प्रत्येक पानाच्या तळाशी एक छापील ओळ होती: 'मुलास जन्मपद्धतीची माहिती दिली आहे काय?' तिच्यापुढं 'नाही', आणि खाली पालकाची सही. २०३८, नाही. २०३९, नाही. सुरुवातीच्या सह्या पूर्ण नावाच्या होत्या. पुढं पुढं नाव आखडत गेलं होतं. शेवटच्या चार-पाच पानांवर नुसता एक फराटा होता, कुणाचाही असावा असा.

पार्श्वनं एकही पान गाळलं नाही. त्याला काय वाटतंय हे चेहऱ्यावरनं कळत नव्हतं. श्रेणिकनं दुसरीकडं बघितलं नाही. पोरगा जे पान बघत होता, ते तोही बघत होता.

शेवटी एक पान कोरं निघालं. "हे भरायचं राहिलंय," खिडकीतनं बाई म्हणाल्या. "त्याशिवाय फाईल बंद होत नाही, आणि बंद झाल्याशिवाय मला ती देता येत नाही. फाईल पालकांनी उघडलेली, म्हणून माहिती मुलानं भरायची आणि सही पालकांची."

पार्श्वनं उंची लिहिली, वजन अंदाजानं लिहिलं. तळाच्या ओळीवर पेन क्षणभर थांबलं. मग त्यानं 'होय' लिहिलं, तारीख घातली आणि फाईल श्रेणिकच्या मांडीवर सरकवली.

श्रेणिकनं चष्मा पुसला. सावकाश, शाळेत घालून दिलेला कित्ता गिरवावा तसं एकेक अक्षर काढत त्यानं पूर्ण नाव लिहिलं. श्रेणिक आप्पासाहेब मगदूम. खिडकीपाशी जाऊन फाईल दिली.

बाईंनी दोन पानं शेजारी धरून बघितली. "ही सही आधीच्यांशी जुळत नाही हो."

"नाही जुळणार," पार्श्व मागनं येऊन म्हणाला. "पण माणूस तोच आहे. माझे वडील आहेत."